सत्त्याऐंशी टक्के

धनकवडीत, पत्र्याखालच्या खोलीत,
पत्त्यांच्या कॅटाएवढा माझा संगणक.
रात्री अकराला लावलेलं कंपाइल
पहाटे सत्त्याऐंशी टक्क्यांवर आलं
आणि एकच शब्द: किल्ड.
कुणी मारलं, का मारलं,
पंचनामा नाही.

तापकीर गल्लीतले बलदोटा
काउंटरवरूनच म्हणाले,
"एक जीबी मेमरी, आणि चार कामं एकदम?
एका तव्यावर चार भाकऱ्या टाकतोस का रे?"

मग चाराचं एक केलं.
स्वॅप वाढवली.
टेबलफॅन त्याच्याकडे वळवला,
मी घामाघूम.

आज गुरुवार. दहाला वीज जाणार.
नऊ चाळीस. ब्याण्णव टक्के.
ओळ सरकते, थबकते,
परत सरकते.

गॅसचा विजेशी काही संबंध नाही.
तरी मी चहा ठेवत नाही.