माती खाते

पागाची शिशाची वजनं आबा घरीच ओतायचे.
मागच्या परसात, तीन चिऱ्यांच्या चुलीवर,
इस्माईल भंगारवाल्याकडच्या
फुटक्या बॅटऱ्यांच्या प्लेटा
आणि कुठल्या कुठल्या नळांचे तुकडे.
वितळलं की आरसा व्हायचा त्याचा.
वाकून तोंड बघायला गेले
की आबा वेणीला धरून मागे ओढायचे.
पळीतून साच्यात जाताना थोडं सांडायचंच.
चर्र.
"ऱ्हाऊ दे गो, माती खाते."

या वाक्यावर मी दोन वर्षं काढली आहेत
दापोलीच्या प्रयोगशाळेत.

आमच्याच परसाशेजारची कोरी माती, बारीक चाळलेली,
शिशाचं पाणी,
हलवणारं यंत्र,
हातात घड्याळ.
रात्र काढावी लागेल म्हणून
दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणली होती.
एका मिनिटाला पहिली बाटली काढली, गाळली,
तर पाण्यातलं निम्म्याहून जास्त शिसं
गेलेलं.
डब्याचं झाकण निघायलाही त्याहून वेळ लागतो.

जांभ्याची माती तांबडी ती गंजानं.
हवा लागलेलं लोखंड,
कणाकणाला धरायला टपलेलं.
हर्णैच्या लिलावात
टोपली वाळूला टेकायच्या आत बोली लागते,
तसं.

पण आलेख तिथे थांबला नाही.
उरलेलं शिसं सावकाश गेलं,
आठवड्याला चिमूटभर, महिन्याला त्याहून कमी,
कणाच्या पाठीवरून कणाच्या पोटात,
जिथून आम्ल ओतलं तरी ते सहज बाहेर येत नाही.
मॅडम म्हणाल्या, दोन वेग आहेत,
दोन परिच्छेदांत लिही.
लिहिलं.
आबांच्या बोटांत कंप आला
तो यातल्या कुठल्या वेगानं,
ते मोजायला तेव्हा कुणी घड्याळ धरलं नव्हतं.
आता चहाची बशी आई धरते.

गेल्या रविवारी तुकाचा फोन.
परसात बांध घालू म्हणतो,
पाणी अडवू, चार वाफे भात होईल.
मी व्हरांड्यात ओरडलेच.
पाणी तुंबलं की हवा जाते,
हवा गेली की गंज विरघळतो,
आणि ज्यानं धरून ठेवलं होतं
तोच वाहायला लागतो,
हातातलं सगळं घेऊन.
"पण तूच तर सांगितलंस, माती धरते."
धरते रे.
तिला श्वास घेता येतो तोवर धरते.

तो गप्प.
मागे आबांचा आवाज, कोण गो?
आणि फरशीवर काहीतरी घरंगळल्याचा,
जड, बुटका आवाज.
त्यांच्या खिशात अजून असते
पागाची एक गोळी.
"बरं," तुका म्हणाला, "मग लावू काय तिथे?"

बघून सांगते म्हटलं.
अजून सांगितलेलं नाही.