चंदनाच्या शेजारी

बाबांच्या शोकसभेत, कन्नमवार नगरच्या समाजमंदिरात
सात जण बोलले. सातही जण म्हणाले:
सर चंदनासारखे झिजले.
पुढच्या रविवारी मी रोप आणायला गेले.

पवईच्या रस्त्यावरचा नर्सरीवाला, हुबनाथ,
कानाला फोन, कोपरापर्यंत माती,
म्हणाला, एकटं नेऊ नका, जगणार नाही.
ह्याची मुळं दुसऱ्याच्या मुळांना तोंड लावून पितात.
शेजारी तूर लावा, वितीभर अंतरावर.
मी म्हटलं, म्हणजे बांडगूळच की.
तो दचकला.
ताई, चंदनाला असं म्हणत नाहीत.

तळमजल्यावरच्या आमच्या खोलीमागे
पाण्याच्या टाकीला लागून दहा फूट माती उरली आहे.
तिथे दोघांना लावलं.
वरून काही कळत नाही.
चंदनाला स्वतःची पानं आहेत, हिरवीगार,
ऊन आपलं आपण खातं,
कुणाच्या अंगावर चढत नाही, सभ्य झाड.
जे चालतं ते मातीखाली.

तूर माजली की सावली धरते, शेंडे खुडावे लागतात.
जास्त खुडले तर ती जाते,
आणि तिच्यामागून ते.
दर पंधरवड्याला कात्री घेऊन
मी ह्या दोघांच्या मध्ये उभी असते.

रात्रशाळा साडेसहाला भरायची.
कंपनीतून सुटलेल्या पोरांना बाबा बीजगणित शिकवायचे,
फी माफ करायचे, वह्या वाटायचे.
वह्या कुठून यायच्या?
आई साड्यांना फॉल लावायची, एका साडीचे बारा रुपये.
दिवा खिडकीकडे ओढून, दातांनी दोरा तोडत.
सात भाषणं झाली,
फॉल-बिडिंग हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही.
माझ्याही नाही. मी आठवी होते, आभार मानायला.

तिसऱ्या वर्षी चंदन फुललं.
कणीएवढी फुलं, आधी पिवळट,
मग वाळल्या खपलीच्या रंगाची.
नाक लावून पाहिलं. वास नाही. कसलाच नाही.
तोवर तूर दोनदा बदलून झाली होती.

आईला मी सगळं सांगितलं,
मुळांचं, तुरीचं, थोडं चढवूनच.
ती टाकीच्या कट्ट्यावर शेंगा सोलत होती.
हं, म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने:
पहिल्या तुरीचं काय केलंस?
उपटून टाकली.
दाणे ठेवले होतेस?
नाही.

तिने सुपातले चार दाणे निवडले,
एक परत टाकला, दुसरा घेतला,
आणि औषधाच्या रिकाम्या डबीत घालून
झाकण घट्ट लावलं.
डबीवर अजून बाबांचं नाव आहे,
आणि खाली, केमिस्टच्या अक्षरात,
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.