चाळीस हात मागे

होकियांगाच्या खाडीत ओहोटी लागली
की मेरेआना कयाक लोटते.
रॉड पाठीमागच्या खोबणीत उभा,
आणि चाळीस हात मागे
पावा-शिंपल्याचं आमिष, निळं-हिरवं,
जिवंत असल्याचं सोंग करत.

सोंग सगळं वल्ह्यावर.
जोर जास्त झाला तर ते पाण्यावर उड्या मारतं, खुळ्यासारखं.
हात थांबला की बुडतं,
नुसता शिंपला.
भाऊ सांगायचा, दमलेल्या माणसासारखं वल्हव,
लगीनघाई नको.

वळून बघायचं नाही.
रॉडचं टोक थरथरतं, कयाकच्या प्लास्टिकमधून
पाठीच्या मणक्याला कळतं :
आहे अजून. पोहतंय.

रेवीला जाऊन हा दुसरा हिवाळा.
शिंपल्याची कड त्यानेच घासलेली, मागच्या दाराच्या पायरीवर,
एका अंगाला जरा जास्तच,
म्हणून ते डावीकडे लंगडतं.
म्हणूनच मासे धरतात, हे त्याचं म्हणणं;
चूक झाली असं तो कधी म्हणालाच नाही.

खडकापाशी रॉड वाकतो.
शेवाळ असेल.
मग शेवाळ पळायला लागतं,
कयाकची शेपटी ओढतं,
आणि ती वल्हं मांडीवर आडवं टाकून
उलटी निघते,
जिथून आली तिकडे, तोंड पुढेच ठेवून.

कहवाई. हातभर, पाठीवर ठिपके, रागावलेला.
पहिला मासा समुद्राचा.
सोडते.

दुसरा मात्र हवाय, रात्रीच्या जेवणाला.
दोर सैल करते. वल्हं,
वल्हं,
मागे ते लंगडणं.