हातचा एक

ओड्व्हर आठवडाभर शाळेची बस चालवते
आणि शनिवारी आम्हाला.

मासळीच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये
ती टेबल पुसते, मग मांडते :
मागे चार मग, मग एक, मग चार, पुढे एक.
गोलकीपर म्हणजे मिठाची बरणी.
कान तुटलेला तो मग
दोन ओळींच्या मधला
मी.

चार-एक-चार-एक.
फळ्यावर लिहिताना दोन आडव्या रेघांत
खिळ्यासारखा उभा मी, अडतीस वर्षांचा.
शाळेत मास्तर म्हणायचे,
आठ आणि सात पंधरा, पाच लिहा,
हातचा एक.
तो उत्तरात दिसत नाही
आणि विसरलात तर सगळी बेरीज बोंबलते.

उजवीकडून होग्नी सुटतो, मेंढरू कुंपणाबाहेर पडावं तसा,
थेट त्यांच्या कॉर्नरपर्यंत.
त्याच्या धावेचं बिल माझ्या पायांवर फाटतं.
तो परत येतो चालत, कमरेवर हात,
विचारतो, काही झालं का मध्ये?
नाही, म्हणतो मी. काहीच झालं नाही.
काहीच न होणं
हे माझं काम.

मधले दोघे, त्रोन्दुर आणि बोअर्दुर, सख्खे भाऊ.
बापाच्या कुरणाची वाटणी झाली
त्याला चार वर्षं झाली,
तेव्हापासून एकमेकांशी चकार शब्द नाही.
पण त्यांचा स्ट्रायकर पळायला वळला की
दोघं एकाच श्वासात एक पाऊल पुढे येतात,
लाइन्समनचं निशाण वर जातं
आणि ते परत दोन दिशांना बघायला लागतात.

वारा कुणाच्याच यादीत नाही.
पूर्वार्धात तो त्यांच्याकडून खेळला.
आमचा गोलकीपर लांब किक मारायचा
आणि चेंडू विचार बदलून परत यायचा.
दोनदा समुद्रात गेला.
म्हातारा अनानिआस जाळीची काठी घेऊन होडीत बसूनच असतो,
त्याला सामन्याचं काही नाही,
चेंडू पुसून देतो, पुन्हा गळ टाकतो.

एक गोल खाल्ला. मग एकाहत्तराव्या मिनिटाला
ओड्व्हरने बसचा गिअर टाकावा तसा हात खाली ओढला.
म्हणजे मी मागे. चारचे पाच.
दोन भावांच्या मध्ये.
त्रोन्दुर म्हणाला, त्याला सांग, नऊ नंबर तुझ्या पाठीमागे आहे.
मी सांगितलं.
बोअर्दुर म्हणाला, त्याला सांग, मला दिसतोय.
मी सांगितलं.
त्याला सांग, आईला दवाखान्यात कोण नेणार सोमवारी.
फ्री किकसाठी भिंत उभी राहत होती,
पोटावर हात बांधून आम्ही तिघं.
मी सांगितलं.
शिट्टी वाजली. चेंडू होग्नीच्या डोक्याला लागून बाहेर गेला.
उत्तर राहूनच गेलं.

शेवटी पेनल्टी, आम्हाला.
चेंडू ठिपक्यावर ठरेना.
रोईने ठेवला, सरकला. ठेवला, सरकला.
रेफरीने माझ्याकडे पाहिलं, का कोण जाणे माझ्याकडेच.
मी चिखलात आडवा झालो,
एक बोट चेंडूवर, डोळे मिटलेले.
कानाशी वारा, मग बूट,
मग बोटाखाली काहीच नाही.

एक-एक. बरोबरी.
मंगळवारच्या पेपरात रोई हवेत आहे,
तोंड उघडं, हात पंखांसारखे.
खाली कोपऱ्यात एक चिखलाची बाही
आणि मनगटापर्यंत हात.
कुणाचा, ते लिहिलेलं नाही.

पण हे मंगळवारचं.
शनिवारी संध्याकाळी कँटीनमध्ये
ओड्व्हरने टेबलावरचा संघ उचलला आणि त्यातच कॉफी ओतली.
ज्याची जागा त्याचा मग.
भाऊ टेबलाच्या दोन टोकांना बसले.
एक म्हणाला, सोमवारी, नऊ वाजता.
कुणाला म्हणाला ते कळलं नाही,
मी कुणाला सांगितलंही नाही.
माझ्या मगाला कान नाही,
तो दोन्ही हातांनी धरावा लागतो,
भाजतो,
आणि बाकीच्यांची कॉफी कधीच निवून जाते.