श्वास पुसलेला नाही

उद्यमबागेत सतरा वर्षं कास्टिंग घासतोय.
डावा कान त्यातच गेला.
तक्रार नाही.
नियती हलगेकरच्या गाण्यांना एक कान पुरतो.
इअरफोनचं दुसरं बोंडुक उशीवर लोंबतं,
भिंतीला काय ऐकायचं ते ऐकू दे.

ती खानापूरची. दिवसा पतपेढीत पावत्या फाडते म्हणे.
रात्री स्वयंपाकघरात बसून गाणी भरते,
कारण घरात तेवढीच एक खोली घुमत नाही.
म्हणून एका गाण्यात मागं कुकरची शिट्टी आहे,
एकात लोंढ्याकडं निघालेली मालगाडी,
डबे मोजता येतील इतकी निवांत.
तिनं काही पुसलेलं नाही.
ओळ सुरू व्हायच्या आधी घेतलेला श्वासही तसाच ठेवलाय.
तारेवरून बोट सरकताना जे कुरकुरतं, तेही.

मी दिवसभर धार काढणारा माणूस,
खडबडीत दिसलं की हात शिवशिवतात.
इथं मात्र काही घासून काढावंसं वाटत नाही.

बायको म्हणते, किती रडकं ओ,
झोपताना कशाला ऐकता?
काय सांगू?
ती रडत नाही. सांगते फक्त.
सांगताना जिथं अडते, तिथं गिटार थांबून राहते,
दवाखान्यातल्या बाकावर शेजारी कुणी बसून राहावं तशी.

एक गाणं तिच्या अप्पावर आहे.
पाट्या रंगवायचा. खडेबाजारात, गणपत गल्लीत,
शिडीवर अर्धा जन्म.
मग पाट्या बदलायचे दिवस आले
आणि त्याला कधी नव्हे इतकं काम मिळालं.
कन्नड वाचता येत नव्हतं त्याला.
कागदावरनं बघून बघून वळणं काढायचा,
जिलेबी घालावी तशी, एकदाही न चुकता.
तिथं ती म्हणते,
अगदी सपाट आवाजात म्हणते,
‘वाचता न आलेल्या अक्षरांनी
माझी फी भरली, अप्पा,
तुमच्या नखातला निळा
मी अजून धुतला नाही.’
बस्स. पुढं कडवं नाही.
दोन तारा, आणि कुकर.

इथं या विषयावर भाषणं पुष्कळ ऐकली.
चांगला होता तेव्हा डावा कानही.
नखातलं निळं कुणी सांगितलं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत बसय्याला ते ऐकवलं.
त्याला मराठी कामापुरतं येतं,
रेती, साचा, उद्या ये, पगार.
डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं त्यानं,
मग विचारलं, अप्पंदा?
मी म्हणालो, हौदु.
कप विसळून आम्ही परत भट्टीकडं गेलो.

गेल्या महिन्यात ती शहापुरात आली होती,
वाचनालयाच्या माडीवर.
एकवीस माणसं, त्यातली तीन आयोजकांच्या घरची.
पंख्याचा आवाज तिच्यापेक्षा मोठा,
म्हणून पंखा बंद केला.
एप्रिल. सगळे घामानं निथळत बसलो.
मधेच एकजण म्हणाला,
ताई, जरा उडतं काहीतरी होऊ दे की!
ती हसली. खुंटी पिळली.
आणि आधीच्याहून उदास गाणं म्हणाली.

मी पहिल्या रांगेत, उजवा कान पुढं करून,
कोंबडा दाणा बघतो तसा मान तिरपी.
तिनं बघितलं असणार.
नंतरच्या गाण्यात ती थोडी या बाजूला वळली,
की मला तसं वाटलं.

संपल्यावर लोक जिना उतरले.
मला सांगायचं होतं,
की माझाही बाप काही न सांगता गेला,
की तुमच्या त्या अडण्यात
मी त्याला चारदा बोलतं केलंय,
की तो श्वास कधी पुसू नका.
जवळ गेलो. घसा कोरडा.
ती गिटार पिशवीत घालत होती,
कपाळावरचा घाम मनगटानं टिपत.

पंखा लावू का आता, म्हणालो.

लावा की, म्हणाली.