किंमतकरांची कवळी

बाबांच्या दुकानात, धंतोलीतल्या त्या जिन्याखाली,
फळीवर ओळीने जबडे असायचे.
प्लास्टरचे, बुडाला पेन्सिलीने नाव:
तितरमारे. वरचा. पुढले चार.
किंमतकर. पूर्ण. अ‍ॅडव्हान्स दिला.
किंमतकर कवळी न्यायला आलेच नाहीत.
माणूस उठून गेला तरी चावा राहते ना बाप्पा,
म्हणायचे बाबा, आणि त्या कवळीच्या वाटीतलं पाणी
दर सोमवारी बदलायचे.

मी अमरावती रोडवर तेच करते,
फक्त तोंड इतकं बारीक
की त्याला तोंड म्हणणं उईके काकांना पटत नाही.
एक रेणू घ्यायचा. माझा डायक्लोफिनॅक,
गुडघेदुखीची गोळी, जी निम्मं नागपूर
सकाळी चहामागून गिळतं
आणि दुपारपर्यंत नागनदीला देऊन टाकतं.
त्याच्याभोवती आम्लाचे हात जमू द्यायचे.
कुणी कुठे धरायचं ते त्यांचं ते बघतात.
मग नायट्रोजनचे बुडबुडे, बूच, साठ अंश, एक रात्र.
बाहेर मे महिना, सत्तेचाळीस.
उईके काका म्हणतात, बाथ कायले लावता मॅडम,
गच्चीवर नेऊन ठेवा.

सकाळी काचेत पांढरा खडा.
नळी फोडायची, खलात कुटायचं, चाळायचं,
आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं
त्यालाच धुऊन हाकलायचं.
उरते भुकटी, आणि भुकटीत जागा:
इकडे दोन क्लोरीन टेकतील, मध्ये जरा बाक,
तिकडे आम्लाची शेपटी.
दुसरीही एक भुकटी करते, रेणू न घालता.
सगळं तेच, तीच रात्र, तेच साठ अंश.
तिच्याकडे कुणी आलंच नव्हतं.
तुलनेला ती लागते.

पारडीच्या पुलाखालून बाटली भरून आणली.
आकडा आला. उईके काकांना आलूबोंडा खाऊ घातला.
मग जरा शहाणपणा म्हणून
कोरं पाणी घातलं, दोनदा ऊर्ध्वपातन केलेलं.
त्यातही डायक्लोफिनॅक.
अकरा दिवस धुतलं. मेथनॉल, अ‍ॅसेटिक, पुन्हा मेथनॉल.
बोटांची सालं निघाली.
बाराव्या दिवशी, सात मिनिटं वीस सेकंदांवर,
कोऱ्या पाण्यात तीच टेकडी.

गजभिये मॅडमनी कागद उलटा धरला, मग सुलटा.
ही नदी नाही, सुकेशिनी. ही तुझीच भुकटी.
खोल कुठेतरी अडकलेत थोडे.
निघत निघत येतात.
मी विचारलं, कधीपर्यंत?
त्यांनी चष्मा पुसला.
तोतया घे, म्हणाल्या. मेफेनॅमिक,
महिन्याच्या दिवसांत घेतो ना आपण, ते.
अंगलट सारखीच. गळेल तोही,
पण मशीनवर त्याची वेळ वेगळी.
निदान कोण गळतंय ते तरी कळेल.

शुद्ध बाटली यायला तीन आठवडे लागले.
पाकीट माझ्या पर्समध्येच होतं, पण ते चालत नाही.
माझ्या ओटीपोटातल्या कळेभोवती मग साचा धरला
आणि त्यात कुणाकुणाचे गुडघे येऊन बसले, नीट बसले,
पारडीचे, नंदनवनचे, ज्यांना मी ओळखत नाही त्यांचे.
कोऱ्या पाण्यात सात वीसवर सपाट रेघ.
नवाच्या पुढे एक टेकाड, तोतयाचं.
त्याला मी काही केलं नाही. असू दे.

बाबा गेल्यावर दुकानात मोबाईलची कव्हरं आली.
जबडे मनपाच्या गाडीत गेले. वाटी तेवढी मी घरी आणली.
गेल्या रविवारी आईची कवळी मोरीत पडून दुभंगली,
तर मी येईपर्यंत ही बाई
किंमतकरांची लावून बसलेली, फुटाणे खात.
इथे डावीकडे बोचते जराशी, म्हणाली,
अन् हसली तर
एक अनोळखी माणूस हसल्यासारखा वाटला,
घाईत असलेला, अ‍ॅडव्हान्स देऊन गेलेला.

उद्या सोमवार.
वाटी रिकामी आहे, तरी धुऊन ठेवली.