केसाने गळा

कैवल्यला मिसरूड फुटलं तेव्हा
बाथरूमच्या आरशासमोर उभं करून
मी त्याला माझ्या वडिलांचं सगळं शिकवलं.
आधी वरून खाली, मग खालून वर,
कातडी ताणून धर, उलटा हात फिरवून बघ,
काचेसारखं लागेपर्यंत सोडू नकोस.
शेवटी तुरटी.
खडा कऱ्हाडहून आलेला, कडा झिजलेला,
बाल्टिमोरच्या नळाखाली धरला
तरी जीभ आखडते तसाच.

आठ दिवसांत त्याच्या गळ्यावर फोड आले,
हनुवटीखाली, कॉलर घासते तिथे,
मोहरीएवढे, काही तुरीएवढे.
मी म्हटलं, नीट घोटली नाहीस.
त्याने नीट घोटली.
मग वर्गात हीटर चालू असला तरी
तो मफलर काढेना,
मार्च उजाडला तरी.

रोशेल दारातून बघत होती.
एवढंच म्हणाली,
"त्याचे केस तुझ्यावर गेलेले नाहीत. डॅडींना बोलाव."

व्हर्नन रविवारी आले, चर्चचे बूट घालूनच.
पायऱ्या चढताना गुडघा धरला,
आत येऊन दिव्याखाली नातवाची हनुवटी वर केली
आणि भिंग माझ्या हातात दिलं.
फोडाच्या आत एक काळा आकडा.
केस बाहेर आला होता, वळला होता,
आणि पुन्हा स्वतःच्याच कातडीत घुसला होता.
जितकं गुळगुळीत, तितकं टोक धारदार.
जितकं ताणून, तितका तो आत.

केसाने गळा कापणं
लहानपणापासून म्हणत आलोय,
कुणाकुणाबद्दल.
कापणारा प्रेमाने शिकवत उभा असतो
हे त्या भिंगात दिसलं.

व्हर्नननी वरचं बटण काढलं.
कॉलरखाली कारल्याच्या सालीसारखा गळा.
"चौतीस वर्षं बस चालवली.
ड्रायव्हरचा चेहरा साफ हवा, असा नियम होता.
रोज पहाटे चारला. 
साहेब म्हणायचा, तुझी कातडीच खराब."
आणि बटण परत लावलं.

पंधरा दिवस वस्तऱ्याला हात लावायचा नाही.
नखांनी उकरायचं तर मुळीच नाही.

सोळाव्या दिवशी गरम पाण्याचा टॉवेल.
किती वेळ? एक भजन होईस्तोवर, ते म्हणाले.
मी मनात धरलं, कुकरची एक शिट्टी.
आमच्याकडे बिनपाण्याची हजामत म्हणतात,
ती साहेब लोक करतात,
असं मी सांगितल्यावर म्हातारा खो खो हसला:
"आमच्याकडेही तेच करायचे!"

मग बोटं.
केस कुठल्या दिशेला निजलेत ते आधी विचारायचं,
मांजराच्या पाठीला विचारतो तसं.
गालावर खाली. हनुवटीखाली आडवे.
आणि डावीकडे, घाटीच्या जरा बाजूला,
चक्क एक भोवरा.
हा जन्मला तेव्हा आईने फोनवर
पहिलं विचारलं होतं, डोक्यावर भोवरे किती?
दोन असले तर दोन लग्नं!
एकच, मी म्हणालो होतो. ती निश्चिंत झाली.
दुसरा इथे होता, पंधरा वर्षं दडलेला.

एकच पातं. निजल्या दिशेने.
हात सैल, कातडीही सैल.
गेलेल्या जागी परत जायचं नाही.
थोडं राहिलं?
राहू दे.
हे "राहू दे" मला जड गेलं.

शेवटी थंड पाणी. तुरटी व्हर्नननी हुंगली,
जिभेला लावली, तोंड वाकडं केलं,
"ही तू तुझ्याच गळ्याला लाव," म्हणाले.
कैवल्य हसला, मान मागे टाकून,
मफलरशिवाय.

आज सकाळी बस यायच्या आधी
पायरीवर त्याची पिशवी सरळ करताना
माझ्या हाताची मागची बाजू त्याच्या गळ्याला लागली.
खरखरीत होता.
मी काही बोललो नाही.